झाकण उघडणारा कॉम्प्युटर

(पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्या घरी पोरगं 'गेमिंग पीसी पाहिजे' म्हणून हटून बसलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.)

मंडळी, दिवाळीपासून कॉम्प्युटरच्या दुकानांत एकच रड चालू आहे. रॅमचे भाव. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. कोटेशन मागितलं तर दुकानदार खाली पेनानं लिहून देतो, 'भाव फक्त आजच्यापुरता.' सराफाच्या पेढीवर ऐकायचं वाक्य आता बोटभर हिरव्या पट्टीसाठी ऐकायला मिळतंय. एका पालकानं मला फोन करून विचारलं, "पत्रकारसाहेब, हा काय साठेबाजीचा प्रकार आहे का? बातमी लावा की!"

बातमी लावण्यासारखं आहेच. पण ती आपल्या गावच्या दुकानदाराची नाही. ती समजून घ्यायची तर चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागं जावं लागतं. आणि हा फक्त गेम खेळणाऱ्या पोरांचा विषय आहे असं समजू नका. आपण ज्याला 'असेंबल' म्हणतो त्या कॉम्प्युटरवर या गावातले डीटीपीवाले, झेरॉक्सवाले, सेतू केंद्रं, फोटो स्टुडिओ, क्लासेस आणि रिपेअरिंगची दुकानं उभी राहिली. तो कॉम्प्युटर कुठून आला आणि आता त्याच्या गळ्याशी काय आलंय, ते सांगतो.

आयबीएमची घाई

12 ऑगस्ट 1981. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीनं आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. किंमत 1,565 डॉलरपासून पुढं. प्रोसेसर इंटेलचा 8088, वेग 4.77 मेगाहर्ट्झ, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये रॅम फक्त 16 केबी. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

आयबीएमची रीत अशी की सगळं स्वतः बनवायचं, स्वतः बसवायचं आणि दुरुस्तीही स्वतःच करायची. पण छोट्या कॉम्प्युटरच्या बाजारात ॲपलसारख्या कंपन्या पुढं निघून गेल्या होत्या आणि आयबीएमला घाई होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज यांच्या टीमनं साधारण वर्षभरात मशीन उभं केलं. एवढ्या कमी वेळात स्वतः बनवणं शक्यच नव्हतं, म्हणून पार्ट बाजारातून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे. या टंडन कंपनीचे संस्थापक सिरजंग लाल टंडन मूळचे आपल्याकडचे, पंजाबातले.

आत पाच स्लॉट ठेवले होते. झाकण काढा, हवं ते कार्ड बसवा. वर आयबीएमनं मशीनच्या सर्किटच्या आकृत्यांसकट जाडजूड पुस्तकच विकायला ठेवलं, म्हणजे बाकीच्यांना त्यासाठी कार्डं बनवता येतील. कुलूप एकाच गोष्टीला होतं. मशीन चालू होताना पहिल्यांदा जो छोटा प्रोग्राम चालतो, त्या बायोसवर आयबीएमचा कॉपीराइट होता. पुस्तकात तो सगळा छापलेला होता, पण उतरवून घेतला की कोर्टात खेचणार.

कुलूप कसं निघालं

1982 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी कॉम्पॅक ही कंपनी काढली. त्यांनी दोन गट केले. एका गटानं आयबीएमचा बायोस वाचला आणि तो काय काम करतो एवढंच लिहून काढलं. दुसऱ्या गटात असे लोक घेतले ज्यांनी तो बायोस कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी पहिल्या गटाच्या टिपणावरून स्वतःचा प्रोग्राम नव्यानं लिहिला. काम तेच, पण नक्कल एका ओळीची नाही. कायद्यानं हात लावता येईना. 1983 मध्ये कॉम्पॅकचं मशीन बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षी 53 हजार नग विकले गेले.

1984 मध्ये फीनिक्स नावाच्या कंपनीनं तर असा बायोस कोणालाही विकत द्यायला सुरुवात केली. मग काय, तैवानमध्ये रांग लागली. गिगाबाइट आणि एमएसआय 1986 च्या, आसुस 1989 ची. आज आपल्या दुकानात मदरबोर्डच्या खोक्यांवर दिसणारी ही नावं त्या मोकळ्या दारातूनच आत आली.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. 1987 मध्ये आयबीएमनं दार पुन्हा लावून घ्यायचा प्रयत्न केला. पीएस/2 नावाची नवी मशीनं आणली, त्यांच्यात नव्या पद्धतीचे स्लॉट. तांत्रिकदृष्ट्या चांगले होते, पण ते वापरायचे तर आयबीएमला परवान्याचे पैसे मोजा, आणि जुनी कार्डं त्यात बसणार नाहीत. 1988 मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकारानं नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डंही चालतील असा आपला वेगळा स्लॉट जाहीर केला. गिऱ्हाईक मोकळ्या बाजूला राहिलं. ज्या आयबीएमनं पीसी जन्माला घातला, तिनं 2005 मध्ये तो धंदाच लेनोवोला विकून टाकला.

1995 मध्ये इंटेलनं 'एटीएक्स' हे माप ठरवलं. बोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठं, पॉवरची वायर कशी. कॅबिनेट एका कंपनीचं, बोर्ड दुसरीचा, एसएमपीएस तिसरीचा, तरी सगळं बिनबोभाट बसतं ते या मापामुळं. शिंप्यानं गावभराची मापं एकाच वहीत लिहावीत तसं हे. ती वही आजही चालू आहे.

आपल्याकडं काय चाललं होतं

आयबीएम 1978 मध्ये भारतातून निघून गेली होती. परकीय चलनाच्या कायद्यानुसार भारतीय भागीदारी वाढवायची तिची तयारी नव्हती. मग 1984 च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण आणलं, आयात थोडी सैल केली. 1991 नंतर अजून सैल झाली. 1997 मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरच्या जागतिक करारात सामील झाला आणि 2005 पर्यंत त्या करारातल्या वस्तूंवरचं मूळ आयात शुल्क शून्यावर आलं.

याचा अर्थ गावात कळायचा तो भावातून. नव्वदच्या दशकात 'ब्रँडेड' कॉम्प्युटर म्हणजे मोटारसायकलपेक्षा महाग वस्तू. तेव्हा आपल्याकडच्या पोरांनी मुंबईचा लॅमिंग्टन रोड शोधला. ग्रँट रोड स्टेशनच्या बाहेर पडलं की तो रस्ता. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट आणायला जाणारा कोणीही ते नाव घेत नाही. आधीपासून रेडिओ-टीव्हीच्या पार्टचा बाजार, मग तिथं मदरबोर्ड आणि रॅम आली. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूला एस. पी. रोड, सगळीकडं हीच तऱ्हा.

रात्रीच्या एसटीनं निघायचं, दिवसभर दुकानं पालथी घालायची, हार्डडिस्क मांडीवर घेऊन परत यायचं. डिकीत टाकली तर खड्ड्यांनी मरेल ही भीती. मग घरातल्या मधल्या खोलीत, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जोडणी. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या, कधी नुसत्या बारावी पास पोरांनी या एका कौशल्यावर दुकानं टाकली. प्रत्येक मशीनमागं हजार-दोन हजार सुटायचे, आणि पुढं वर्षानुवर्षं दुरुस्तीचं गिऱ्हाईक.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून जिल्हा दैनिकात लागलो तेव्हा पानं लावायची मशीनं अशीच जोडलेली होती. पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी. रात्री अकराला मशीन बसलं तर फोन कंपनीच्या कॉल सेंटरला जात नसे. गल्लीतला पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यायचा, रॅम काढून खोडरबरानं घासायचा, परत बसवायचा आणि पान वेळेत जायचं. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्या-तालुक्यात निघाली. आपल्या भागातल्या केंद्रांत मी पाहिलेले बहुतेक कॉम्प्युटर असेंबलच होते. एक गोष्ट लपवत नाही. त्यातलं विंडोज बऱ्याचदा चोरीचं असायचं. गावात कॉम्प्युटर आला तो असाच, थोडा कायद्यानं आणि थोडा कायद्याला वळसा घालून.

गेमनं काय केलं

आता गेमिंगकडं येऊ. आपल्या पिढीला गेम म्हणजे रिकामटेकडा उद्योग वाटतो. पण कॉम्प्युटरच्या इतिहासात यंत्राला जोरात पुढं ढकलण्याचं काम हिशेबाच्या सॉफ्टवेअरपेक्षा गेमनं जास्त केलं. पत्र टाईप करायला 486 पुरत होता. 1993 च्या डिसेंबरात 'डूम' आला, 1996 ला 'क्वेक', आणि पोरांना वेग कमी पडायला लागला.

1996 मध्येच थ्रीडीएफएक्स कंपनीचं 'व्हूडू' कार्ड आलं. त्याचं काम एकच, थ्रीडी चित्र काढणं. साध्या चित्रासाठी जुनं कार्ड तसंच ठेवायचं आणि बाहेरून वायरनं दोन्ही जोडायची. असं अर्धवट वाटणारं कार्ड लोकांनी विकत घेतलं, कारण झाकण उघडत होतं आणि स्लॉट रिकामा होता. 1998 ला इंटेलचा स्वस्त सेलेरॉन 300ए आला. पोरांनी शोधलं की बोर्डावर बसचा वेग 66 वरून 100 केला की तो 300 ऐवजी 450 मेगाहर्ट्झवर पळतो. महागड्या पेंटियमची बरोबरी. 1999 ला एनव्हिडियानं जीफोर्स 256 आणलं आणि 'जीपीयू' हा शब्द रूढ केला.

आपल्याकडं हे सगळं दोन-तीन वर्षांनी पोचलं. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक, घरी व्हाइस सिटी. पण व्हाइस सिटी अडकते कशामुळं, रॅममुळं की कार्डामुळं, हे शोधता शोधता कित्येक पोरं हार्डवेअर शिकली. त्यांच्यातलेच काही आज आपल्याला सीसीटीव्ही लावून देतात, बँकांचं नेटवर्क सांभाळतात.

पोरगं हटून बसलंय त्यांच्यासाठी

मधेच थोडं कामाचं सांगतो, कारण याबद्दल फोन येतात.

बजेट ठरलं की आधी मॉनिटर ठरवा. मॉनिटर फुल एचडीचा आणि 60 हर्ट्झचा असेल तर त्यावर सगळ्यात महागडं कार्ड लावून काही उपयोग नाही. गेमिंगच्या मशीनमध्ये पैशाचा सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यायचा. प्रोसेसर त्याला साजेसा घ्यायचा. एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असेल तर नांगर मरतुकड्याच्या चालीनंच चालतो.

बोर्ड घेताना विचारा, या सॉकेटमध्ये पुढचे प्रोसेसर बसतील का? एएमडीचा एएम4 सॉकेट याचं चांगलं उदाहरण आहे. 2017 मध्ये घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून 2022 चा प्रोसेसर चालला. पाच वर्षांनी सगळं मशीन न बदलता एकच पार्ट बदलायचा, असेंबलचा खरा फायदा हा आहे. रॅम दोन पट्ट्यांत घेतली की वेग चांगला मिळतो.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका. आपल्याकडचं व्होल्टेज आपल्याला माहीत आहे. '80 प्लस'चा शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. आधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. आणि यूपीएसच्या खोक्यावरचा आकडा नीट वाचा. 600 व्हीए म्हणजे 600 वॉट नव्हे, साधारण 360 वॉट. कार्ड जोरात चालायला लागलं की तो मान टाकतो. उन्हाळ्यात 42-43 अंशांत काचेचं बंद, रंगीत लाइटचं कॅबिनेट म्हणजे भट्टी. पुढून हवा आत, मागून बाहेर, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारायचा. जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर ते क्रिप्टोच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेलं नाही ना हे विचारा. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमचं ते खाणकाम बंद झालं तेव्हा अशी ढिगानं कार्डं सेकंडहँड बाजारात आली.

आणि पक्कं बिल घ्या. प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर त्यावर पाहिजे. वॉरंटी पार्टची असते, डब्याची नाही.

मग रॅम का महागली

आता मूळ प्रश्न. 2012 मध्ये टोरंटो विद्यापीठात ॲलेक्स क्रिझेव्हस्की नावाच्या विद्यार्थ्यानं चित्रं ओळखणारा एक प्रोग्राम तयार केला. सोबत इल्या सुत्सकेव्हर आणि त्यांचे प्राध्यापक जेफ्री हिंटन, ज्यांना 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या प्रोग्रामनं चित्रं ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत बाकीच्यांना लांब मागं टाकलं. आजची एआयची लाट तिथून उसळली असं मानतात. तो प्रोग्राम कशावर शिकवला? एनव्हिडियाच्या जीटीएक्स 580 या दोन कार्डांवर. प्रत्येकी 3 जीबीची, दुकानात कोणालाही मिळणारी, गेम खेळायची कार्डं. पाच-सहा दिवस ती चालली.

म्हणजे बघा. आयबीएमनं घाईत झाकण उघडं ठेवलं. कॉम्पॅकनं कुलूप काढलं. पोरांनी गेमसाठी कार्डं घेतली, त्या पैशावर एनव्हिडिया मोठी झाली. त्या कार्डांवर एआय उभं राहिलं. आणि आता तेच एआय पोरांच्या पुढ्यातला माल उचलून नेतंय.

जानेवारी 2025 ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाचं डेटा सेंटरमधलं उत्पन्न होतं 115 अब्ज डॉलर, गेमिंगमधलं साधारण 11 अब्ज. रॅमच्या चिप जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या मशीनला लागणारी खास मेमरी जास्त नफ्याची, आणि तेवढ्याच क्षमतेसाठी ती साध्या रॅमपेक्षा कितीतरी जास्त सिलिकॉन खाते. कारखाने तेवढेच. तिकडं माल वळला, इकडं टंचाई. 2025 च्या शेवटच्या काही महिन्यांत भाव दुपटीच्या वर गेले. 3 डिसेंबरला मायक्रॉननं जाहीर केलं की आम्ही 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करतोय. आपल्याकडं सर्रास विकली जाणारी ती रॅम. याच मायक्रॉनचा गुजरातमधल्या साणंदचा प्रकल्प 2023 मध्ये मोठ्या जाहिरातीनं घोषित झाला होता. तिथलं काम चिपच्या जोडणीचं आणि तपासणीचं. तो आपल्या देशात आहे म्हणून आपल्या दुकानात रॅम स्वस्त होईल, असा त्याचा अर्थ नाही.

त्यामुळं पालकसाहेब, साठेबाजी कुठं झालीही असेल, पण मूळ कारण आपल्या बाजारपेठेत नाही.

यात गावाचं काय

भाव वर-खाली होतात, हेही उतरतील. मला काळजी दुसरीच वाटते. रॅम महाग झाली की लोक म्हणणार, जाऊ द्या, तयार मशीन घ्या. आणि आजची बरीच तयार मशीनं अशी आहेत की रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली. वाढवता येत नाही, बिघडली तर बदलता येत नाही. आयबीएमला 1987 मध्ये जे जमलं नाही ते हळूहळू, भांडण न होता घडतंय.

आपल्याच तालुक्यातल्या एका शाळेत (नाव घेत नाही) मी बातमीसाठी गेलो होतो. सात ऑल-इन-वन मशीनं, पडदा आणि कॉम्प्युटर एकातच. चार बंद. कंपनीचा माणूस यायला तयार नाही, वॉरंटी संपलेली, आणि गावातला मेकॅनिक म्हणतो पार्ट मिळत नाही. पडदे चांगले आहेत, पण ते दुसऱ्या कशाला जोडता येत नाहीत. त्याच गावच्या वाचनालयात नऊ वर्षांपूर्वीचा असेंबल कॉम्प्युटर अजून चालतो. एसएमपीएस दोनदा बदललाय, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवलाय. ग्रंथपाल बाईंना तो कसा उघडायचा हे आता तोंडपाठ आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 च्या जुलैमध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, नंतर पोर्टलही काढलं. चांगलं आहे. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि तालुक्यात पार्ट मिळणं वेगळं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पोरानं काय घ्यायचं ते त्याच्या आई-वडिलांनी बघावं. पण शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, सोसायटी जेव्हा आपल्या पैशातून कॉम्प्युटर घेते, तेव्हा निविदेत तीन ओळी असल्या पाहिजेत. रॅम आणि डिस्क बदलता आली पाहिजे. पार्ट नेहमीच्या मापाचे, बाजारात मिळणारे असले पाहिजेत. वॉरंटी संपल्यावर गावातल्या दुरुस्तीवाल्याला मशीन उघडता आलं पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा. तुमच्या गावात काय खरेदी झालीय, किती चालू आणि किती बंद, ते खाली कमेंटमध्ये लिहा. आकडे जमले की सगळे एकत्र करून मी बातमी लावतो.

#दुरुस्तीचाहक्क #आपलातालुका